पाळण्यातला न्यायाधीश

एक गोल लाकडी ठोकळा, त्याला चिकटवलेले दोन डोळे. तो टेकडी चढायला बघतो, अर्ध्यावरून घसरतो, पुन्हा चढतो. मग खालून त्रिकोण येतो आणि त्याला रेटत माथ्यावर पोचवतो. पुढच्या खेपेला वरून चौकोन येतो नि गोलाला खाली लोटून देतो. आईच्या मांडीवरचं बाळ हे टक लावून बघतंय. खेळ संपला की दोन्ही ठोकळे त्याच्यापुढे धरायचे आणि हात कुणाकडे जातो ते बघायचं. तेवढा वेळ आईने डोळे मिटून घ्यायचे, नाहीतर तिचा कल बाळाला कळायचा.

येल विद्यापीठातल्या काइली हॅमलिन, कॅरन विन आणि पॉल ब्लूम यांचा हा प्रयोग २००७ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. सहा महिन्यांच्या १२ पैकी १२ बाळांनी मदत करणाऱ्यालाच पसंती दिली. दहा महिन्यांच्या १६ पैकी १४ जणांनी. ज्या वयात ना धाक कळतो ना गोष्ट, त्या वयात हे! सदसद्विवेकबुद्धी माणूस जन्मतःच घेऊन येतो, अशी चर्चा मग रंगली.

२०१२ मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांनी खोच काढली. माथ्यावर पोचला की गोल आनंदाने उड्या मारतो. बाळं त्या उड्यांवरच भाळली असतील तर? त्यांनी गोलाला खाली ढकलल्यावर उड्या मारायला लावल्या, आणि बाळं चक्क ढकलणाऱ्याकडे वळली. हॅमलिन यांचं उत्तर असं, की तुमच्या गोलाचे डोळे टेकडीच्या माथ्याकडे रोखलेलेच नाहीत, मग त्याला वर जायचंय हे बाळाने ओळखायचं कशावरून? बुबुळांवरून भांडण म्हणजे हसू येतं खरं. पण बाळ बोलत नाही, तेव्हा पुरावा असल्याच बारकाव्यांत शोधावा लागतो.

शेवटी ३७ प्रयोगशाळांनी मिळून तोच खेळ शेकडो बाळांना दाखवला. २०२४ मध्ये निकाल आला: मदत करणाऱ्याला निवडणारी बाळं जेमतेम ४९ टक्के. म्हणजे छापा-काटाच. विशेष म्हणजे या खटाटोपात हॅमलिन स्वतः सामील होत्या. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची अशी झाडाझडती घ्यायला जिगर लागते. मला तरी मूळ प्रयोगापेक्षा याचंच कौतुक जास्त.

वाद अजून मिटलेला नाही. येलच्या बाळांपुढे खरेखुरे ठोकळे हलत होते, या वेळी मात्र चित्रफीत होती. पडद्यावर घसरणाऱ्या गोलाची सहा महिन्यांच्या जिवाला कणव येते का, हेच आधी तपासावं लागणार आहे.