फलंदाजांची तुलना, भिन्न कालखंडांतील

वेगवेगळ्या काळांत खेळलेल्या दोन नामांकित खेळाडूंपैकी श्रेष्ठ कोण, हे ठरविण्याचा प्रयत्न सर्वच क्रीडाप्रकारांत होतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या प्रत्येक धावेची नोंद राहत असल्यामुळे अशी तुलना सोपी वाटते. प्रत्यक्षात मात्र ज्या नियमांत, ज्या खेळपट्टीवर, ज्या साधनांनी व जितक्या संधी मिळून त्या धावा झाल्या, ते सर्व कालमानाने बदलत गेले आहे. त्यामुळे केवळ धावसंख्येवरून काढलेला निष्कर्ष एका पिढीवर अन्याय करणारा ठरू शकतो. मराठी मुलखाशी जन्माने वा खेळाने निगडित असलेले सी. के. नायडू (१८९५–१९६७), विजय मर्चंट (१९११–८७), विजय हजारे (१९१५–२००४), सुनील गावसकर (१९४९– ) व सचिन तेंडुलकर (१९७३– ) हे पाच फलंदाज सु. आठ दशकांच्या कसोटी क्रिकेटचे प्रतिनिधी असून त्यांच्या उदाहरणांवरून या तुलनेतील अडचणी व तिच्या पद्धती स्पष्ट होतात.

आकडेवारी : या पाच फलंदाजांच्या कसोटी कारकीर्दीचा गोषवारा पुढील कोष्टकात दिला आहे.

| फलंदाज | काळ | सामने | डाव | धावा | सरासरी | शतके |
|---|---|---|---|---|---|---|
| नायडू | १९३२–३६ | ७ | १४ | ३५० | २५·०० | ० |
| मर्चंट | १९३३–५१ | १० | १८ | ८५९ | ४७·७२ | ३ |
| हजारे | १९४६–५३ | ३० | ५२ | २,१९२ | ४७·६५ | ७ |
| गावसकर | १९७१–८७ | १२५ | २१४ | १०,१२२ | ५१·१२ | ३४ |
| तेंडुलकर | १९८९–२०१३ | २०० | ३२९ | १५,९२१ | ५३·७८ | ५१ |

एकूण धावा पाहिल्यास मर्चंट व तेंडुलकर यांच्यात तुलनाच संभवत नाही. परंतु त्याच आकड्यांना सामन्यांच्या संख्येने भागले असता चित्र पालटते. प्रत्येक कसोटी सामन्यामागे मर्चंट यांच्या सु. ८६, गावसकर यांच्या सु. ८१, तेंडुलकर यांच्या सु. ८० व हजारे यांच्या सु. ७३ धावा होतात. मर्चंट यांनी सरासरीने दर ६ डावांमागे एक शतक काढले. गावसकर व तेंडुलकर यांना त्यासाठी अनुक्रमे सु. ६·३ व ६·५ डाव लागले. यावरून मर्चंट श्रेष्ठ ठरतात असे मात्र नाही. अठरा डावांत दोन-तीन मोठ्या खेळी झाल्यास सरासरी लगेच वाढते. ३२९ डावांत ती सहजासहजी हलत नाही. थोड्या सामन्यांची सरासरी गुणवत्ता सुचविते, दीर्घ कारकीर्दीची सरासरी ती सिद्ध करते, एवढेच म्हणता येते.

संधीतील विषमता : भारताने आपला पहिला कसोटी सामना २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्‌स येथे खेळावयास प्रारंभ केला. त्या संघाचे कर्णधार नागपूर येथे जन्मलेले नायडू हे त्या वेळी ३६ वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात पुष्कळ फलंदाज निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात त्यांची कसोटी कारकीर्द सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धापूर्वी भारताने खेळलेल्या सातही कसोटी सामन्यांत ते होते. त्यांची २५ ची सरासरी त्यांच्या उतारवयातील असून त्यांच्या ऐन उमेदीचे दर्शन १९२६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर झाले होते. तेथे हिंदू संघातर्फे एम्. सी. सी. विरुद्ध त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यास या खेळीने मोठा हातभार लावला, असे मानले जाते. पण कसोटीच्या कोष्टकात तिला स्थान नाही.

मर्चंट यांची स्थिती याहून वेगळी, परंतु तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारताचा पुढील कसोटी सामना युद्धामुळे १९४६ मध्येच होऊ शकला. मर्चंट यांच्या वयाची २४ ते ३४ ही वर्षे अशा रीतीने कसोटी क्रिकेटविना गेली. गावसकर यांच्या ३४ शतकांपैकी बहुसंख्य शतके नेमकी याच वयात झालेली आहेत. मर्चंट यांच्या खेळाचा अंदाज घेण्यासाठी त्यामुळे प्रथम श्रेणीच्या सामन्यांकडे वळावे लागते. तेथे त्यांची सरासरी ७१·६४ असून दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत तिच्यापुढे ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमन यांची ९५·१४ हीच सरासरी आहे. मात्र त्या काळी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमसारख्या मैदानांवरील खेळपट्ट्या फलंदाजांना अतिशय अनुकूल असत, हेही ध्यानात ठेवावयास हवे. पुण्यात १९४८ मध्ये महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. तरी त्यांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

संधी नाकारली जाण्याची कारणे नेहमीच क्रीडाविषयक नव्हती. पळवणकर बंधूंपैकी विठ्ठल हे उत्तम फलंदाज होते. परंतु अस्पृश्य गणल्या गेलेल्या चर्मकार समाजातील असल्यामुळे हिंदू संघाचे नेतृत्व या कुटुंबाला दीर्घकाळ मिळाले नाही. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या पिढीसमोर भारताचा कसोटी संघच नसल्याने त्यांचे नाव आजच्या कोणत्याही तुलनेत येत नाही. ज्यांची आकडेवारीच निर्माण होऊ शकली नाही, त्यांचा विचार आकडेवारीच्या आधारे करता येत नाही, ही या पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा होय.

नियम व साधने यांतील बदल : पूर्वी सामना चालू असताना पाऊस पडला, तर खेळपट्टी उघडीच राहत असे व ती वाळू लागली म्हणजे चेंडू अनपेक्षित रीतीने उसळत वा वळत असे. पुढे खेळपट्ट्या पूर्णपणे झाकण्याची प्रथा सर्वत्र रूढ झाली. पायचीतच्या नियमात १९३० नंतरच्या दशकात बदल होऊन उजव्या यष्टीबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवरही फलंदाज बाद ठरू लागला. शिरस्त्राणाचा वापर १९७७–७८ च्या सुमारास सुरू झाला. गावसकर यांनी आपल्या कारकीर्दीचा मोठा भाग शिरस्त्राणाविना व उसळत्या चेंडूंच्या संख्येवर विशेष बंधन नसताना खेळून काढला; अखेरच्या काळात ते डोक्याला केवळ लहान संरक्षक कवच लावीत. तेंडुलकर शिरस्त्राण वापरीत आणि १९९१ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत उसळत्या चेंडूंवर मर्यादा आली. उलटपक्षी तेंडुलकरांना वर्षभर चालणारे दौरे, एकदिवसीय सामन्यांचा प्रचंड भार व प्रत्येक खेळीच्या चित्रफितीचे प्रतिस्पर्ध्यांनी केलेले विश्लेषण यांना तोंड द्यावे लागले. मर्चंट किंवा हजारे यांच्या फलंदाजीतील उणिवा शोधण्यासाठी गोलंदाजाजवळ स्वतःच्या डोळ्यांखेरीज साधन नव्हते.

समान भूमिकेचे तत्त्व : तुलना सार्थ होण्यासाठी समान भूमिकेतील खेळाडू निवडणे आवश्यक असते. मर्चंट व गावसकर हे सलामीचे फलंदाज. नव्या, टणक चेंडूचा मारा झेलणे हे त्यांचे पहिले काम. हजारे व तेंडुलकर मुख्यतः मधल्या फळीत, चौथ्या क्रमांकावर खेळत. म्हणून मर्चंट–गावसकर व हजारे–तेंडुलकर या जोड्या गावसकर–तेंडुलकर या लोकप्रिय जोडीपेक्षा शास्त्रशुद्ध ठरतात.

प्रतिपक्षाच्या गोलंदाजीचा दर्जा पाहणेही अगत्याचे असते. गावसकर यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध २७ सामन्यांत १३ शतके काढली. ही संख्या त्या संघाच्या भेदक द्रुतगती माऱ्याच्या संदर्भात नेहमी सांगितली जाते. तथापि यांतील ४ शतके १९७१ मध्ये, म्हणजे तो मारा उभा राहण्यापूर्वी झाली. त्या चार सामन्यांत गावसकर यांनी ७७४ धावा केल्या होत्या. आणखी ४ शतके १९७८–७९ मध्ये, पॅकर यांच्या स्पर्धेमुळे वेस्ट इंडीजचे प्रमुख खेळाडू अनुपस्थित असताना झाली. उरलेल्या ५ शतकांपैकी २ शतके १९७६ मधील व ३ शतके १९८३ मधील असून त्यांत मद्रास येथील नाबाद २३६ या खेळीचा समावेश होतो. या पाच शतकांचे मोल एकूण तेराच्या आकड्याहून अधिक बोलके आहे. तेंडुलकरांच्या बाबतीत अशीच कसोटी ऑस्ट्रेलियाच्या संघाने घेतली; त्या संघाविरुद्ध ३९ सामन्यांत त्यांची ११ शतके असून सरासरी ५५ आहे. गावसकर व तेंडुलकर या दोघांचीही परदेशातील सरासरी मायदेशातील सरासरीहून अधिक आहे, ही बाब दोघांच्याही थोरवीचा निःपक्षपाती पुरावा मानता येईल.

संघाच्या धावसंख्येतील वाटा : काळाचा परिणाम कमी करणारे एक सोपे माप म्हणजे संघाच्या एकूण धावांमधील फलंदाजाचा वाटा. खेळपट्टी, हवा, नियम व गोलंदाज एकाच डावातील सर्वांना सारखेच असल्यामुळे हे प्रमाण निरनिराळ्या पिढ्यांत ताडून पाहता येते. या दृष्टीने तीन खेळी लक्षणीय आहेत. १९४८ मध्ये ॲडिलेड येथे हजारे यांनी पहिल्या डावात ११६ व फॉलोऑननंतरच्या दुसऱ्या डावात भारताच्या २७७ पैकी १४५ धावा केल्या. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारे ते पहिले भारतीय होत. १९७९ मध्ये ओव्हल येथे विजयासाठी ४३८ धावा हव्या असताना भारताने ८ बाद ४२९ पर्यंत मजल मारली. त्यांत गावसकरांच्या २२१ होत्या. १९९९ मध्ये चेन्नई येथे पाकिस्तानविरुद्ध २७१ धावांचा पाठलाग करताना भारत २५८ धावांत बाद झाला. त्यांत तेंडुलकरांच्या १३६ होत्या. तिन्ही खेळींचा वाटा ५१ ते ५३ टक्के भरतो. पन्नास वर्षांच्या अंतराने खेळलेल्या तीन फलंदाजांनी संघाचे अर्ध्याहून अधिक ओझे उचलले आणि तिन्ही वेळा विजय मिळाला नाही, हे साम्य सरासरीच्या कोष्टकातून कधीच दिसले नसते.

मर्यादित षटकांचे सामने : या प्रकारात तुलना अधिक जपून करावी लागते. १९७५ च्या विश्वचषक स्पर्धेत गावसकर यांनी ६० षटके खेळून नाबाद ३६ धावा केल्या. ही खेळी त्यांच्या धिमेपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूर येथे न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे हे एकमेव शतक होय. याच शहरानजीक जामठा येथे १२ मार्च २०११ रोजी तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०१ चेंडूंत १११ धावा केल्या. त्यांचे ते ९९ वे आंतरराष्ट्रीय शतक होते. चेंडूंच्या हिशोबात गावसकरांची खेळी अधिक वेगवान ठरते. त्या दिवशी भारताला धावगती वाढविणे आवश्यक होते व लक्ष्य २२२ धावांचेच होते, ही परिस्थिती लक्षात घेतली म्हणजे गती ही फलंदाजाच्या स्वभावापेक्षा सामन्याच्या गरजेवर किती अवलंबून असते, हे कळून येते.

अन्य खेळांतील उदाहरण : बास्केटबॉलमध्ये चेंडू खेळविणाऱ्या व दुरून फेक करणाऱ्या गार्ड या खेळाडूंबाबत हाच वाद चालतो. अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेत ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९६१–६२ च्या हंगामात प्रतिसामना सरासरी ३०·८ गुण, १२·५ रिबाउंड व ११·४ साहाय्यक पास अशी कामगिरी केली. त्या काळी खेळाची गती अधिक व फेकींची अचूकता कमी असल्यामुळे रिबाउंडच्या संधीही अधिक मिळत. तीन गुणांची रेषा तेथे १९७९–८० मध्ये आली. तिच्याविना खेळलेल्या रॉबर्टसन यांची तुलना २०१५–१६ च्या एका हंगामात तीन गुणांच्या ४०२ यशस्वी फेकी करणाऱ्या स्टीफन करी यांच्याशी केवळ गुणांवरून करता येत नाही. प्रतिपक्षाकडून हिरावून घेतलेल्या चेंडूंची नोंद तर १९७३–७४ पर्यंत ठेवलीच जात नसे. क्रिकेटमधील जुन्या अनेक खेळींत फलंदाजाने किती चेंडू खेळले याची नोंद नाही, त्यासारखाच हा प्रकार आहे.

प्रसारमाध्यमे व स्मृती : खेळाडूची प्रतिमा तो कोणत्या माध्यमातून लोकांपर्यंत पोहोचला, यावरही ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबसारख्या गावी नायडूंचे षटकार वृत्तपत्रांतून व ऐकीव वर्णनांतून पोहोचले. गावसकरांचा १९७१ चा पराक्रम वृत्तपत्रे व आकाशवाणी यांवरून कळला. तेंडुलकरांची बहुतेक प्रत्येक मोठी खेळी मात्र दूरचित्रवाणीमुळे घरबसल्या पाहावयास मिळाली. डोळ्यांनी पाहिलेले अधिक खरे वाटते व न पाहिलेले एकतर दंतकथा होते किंवा विस्मरणात जाते. ब्रॅडमन यांना १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवर तेंडुलकरांचा खेळ पाहून स्वतःच्या शैलीची आठवण झाली, ही प्रसिद्ध घटनाही शैलीतील साम्य दाखविते. ९९·९४ व ५३·७८ या सरासऱ्यांतील अंतर त्यामुळे मिटत नाही.

संधीच्या विषमतेचा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. भारतीय महिला संघाने २०१४ नंतर पुढील कसोटी सामना २०२१ मध्ये खेळला. हजारे यांच्याच सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना (१९९६– ) यांनी २०१४ मध्ये कसोटी पदार्पण केले. त्यांच्या कारकीर्दीची सुरुवातीची वर्षे मर्चंट यांच्याप्रमाणेच कसोटी सामन्यांविना गेली. भावी अभ्यासकास त्यांच्या कसोटी धावा मोजताना, त्यांना किती सामने मिळाले हे आधी पाहावे लागेल. कालखंड ओलांडणारी कोणतीही तुलना त्यामुळे तीन टप्प्यांनी करणे इष्ट ठरते : प्रथम समकालीनांमध्ये त्या खेळाडूचे स्थान, नंतर प्रतिपक्षाचा दर्जा व परिस्थिती आणि शेवटी एकूण संख्या. हा क्रम उलटा केला, तर जो अधिक सामने खेळला तोच नेहमी श्रेष्ठ ठरतो.