विज्ञानकथा : मासिकाच्या पानावरून शाळेच्या वर्गात

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९६९ मध्ये वर्धा येथे पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ व्या संमेलनाचा मान वर्ध्याला मिळाला. मधल्या काळात मराठीत जे साहित्यप्रकार बळावले त्यांत विज्ञानकथेचा समावेश करावा लागेल. पहिल्या संमेलनाच्या वेळी मराठी विज्ञान परिषद स्थापन होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. २०२१ च्या नाशिक येथील संमेलनाचे अध्यक्षपद मात्र एका विज्ञानकथाकाराकडे, डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते.

ही वाटचाल ग्रंथांपेक्षा नियतकालिकांतून आणि दिवाळी अंकांतून झाली. परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे नाव नारळीकरांनी स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून घेतले होते. आपल्या नावलौकिकाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यामागील हेतू. पुढे भालबा केळकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आदींच्या कथांनी या प्रकाराला वाचकवर्ग मिळवून दिला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूर यांसारख्या तालुक्यांतील वाचकापर्यंत मासिके आणि दिवाळी अंक पोहोचण्याचा तोच मुख्य मार्ग आहे. परंतु विज्ञानकथा हाती पडली म्हणजे विज्ञान पोहोचलेच असे नव्हे. छापलेले ते खरे, असे मानण्याची सवय जुनी आहे. ज्ञात विज्ञान कोठे संपते आणि लेखकाची कल्पना कोठे सुरू होते, ही सीमारेषा वाचकाला ओळखता आली नाही, तर विज्ञानकथा आणि चमत्कारकथा यांत त्याच्या लेखी फरक उरत नाही.

नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उजव्या सोंडेच्या मूर्तीविषयीची श्रद्धा मराठी घरांत सर्वपरिचित आहे. कथा तेथूनच वाचकाला डाव्या-उजव्याच्या कोड्यात नेते. आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे डावे-उजवे बदलण्याची ही कल्पना गणितातील मोबियसच्या पट्टीवर आधारलेली आहे. जर्मन गणितज्ञ मोबियस यांनी १८५८ मध्ये या पट्टीचा अभ्यास केला. ती वर्गात करून पाहण्यास एका मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. पारदर्शक कागदाची लांब पट्टी घ्यावी, तिच्या एका टोकाला अर्धा पीळ द्यावा आणि दोन्ही टोके चिकटवावीत. आता पट्टीवर दोन्ही बाजूंनी दिसेल असा उजव्या पंजाचा आकार काढून तोच पुढे पुढे गिरवीत गेल्यास, एक फेरी पूर्ण होताच मूळ पंजाशेजारी डावा पंजा येऊन ठेपतो. आकार कोठेही उलटा काढलेला नसतो. पिळामुळेच तो उलटतो.

येथपर्यंत गणित आहे. आपण ज्या अवकाशात राहतो त्याला असाच पीळ देऊन सजीव माणूस उलटविता येईल, ही मात्र लेखकाची कल्पना होय. तिलाही प्रश्न विचारता येतो. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांपासून बनतात ती, एखाददुसरा अपवाद वगळता, डाव्या धाटणीची असतात. पूर्णपणे उलटलेल्या माणसाची पाचक द्रव्येही उलटीच होतील, आणि मग ताटातील डाळ त्याला पचेल काय? दहावीच्या विद्यार्थ्यालाही या प्रश्नात रस वाटेल, आणि कथेतील चूक शोधण्याइतका आनंद सहसा दुसऱ्या कशात नसतो!

वर्ध्याच्या शिक्षकाला ही रीत अनोळखी वाटू नये. हाताने काम करीत शिकण्याचा विचार १९३७ मध्ये याच गावी भरलेल्या शिक्षण परिषदेत मांडला गेला होता. सूतकताईच्या तुलनेत कागदाची पट्टी अगदीच क्षुल्लक साधन, हे खरे. तरी दोहोंत हात आधी चालतो आणि नियम मागाहून कळतो.

इतिहासाच्या शिक्षकासाठी नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकली असती तर १७६१ नंतरचा हिंदुस्थान कसा असता, हा तिचा विषय. तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात घेण्यात आले. मूळ मराठी कथा वाचनालयातून मिळवून ती इंग्रजी धड्याशेजारी ठेवल्यास एकाच तासात दोन भाषा, इतिहास आणि विज्ञान यांचे काम होऊ शकते.