भोपळ्यातली म्हातारी

पहाटे ४.४५

आज गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०२४. यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच तारखेला आले आहेत. तेल-उटणं लावून आंघोळी उरकल्या. दाराशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं आणि सासूबाईंनी त्याचा रस सगळ्यांच्या जिभेला लावला. धाकट्याचं तोंड वाकडं झालं.

"आजी, नरकासुर मेला?"

"मेला रे बाळा."

"मग संध्याकाळी भुतं कुठून येणार?"

ती मला करायची आहेत. काल्हेरच्या एका सोसायटीतल्या मुलांची आज पार्टी आहे. दोन किलोचा भोपळ्याचा केक आणि बारा कपकेक, सगळं बिनअंड्याचं.

७.१५

फराळाची ताटं उचलली आणि ओटा माझ्या ताब्यात आला. स्पंज रात्रीच भाजून ठेवले होते. दही आणि खायचा सोडा घातलेला स्पंज मऊ असतो. गरम असताना सुरी लावली की त्याचा चुरा होतो, म्हणून तो रात्रभर थंड व्हावा लागतो. दोन खोलगट वाडग्यांत भाजलेले दोन घुमट तोंडाला तोंड लावून जोडले आणि मधे क्रीम भरलं. वरचा घुमट बसू नये म्हणून आत चार जाड स्ट्रॉ उभ्या खुपसल्या. मग सुरीने वरपासून खालपर्यंत आठ खाचा पाडल्या. लाल भोपळ्याच्या फाका सारख्या नसतात, एक रुंद तर दुसरी चिंचोळी. मंडईतून आणलेला भोपळा मी समोर ठेवते आणि त्याच्याकडे बघून कापते. मोबाइलवरच्या फोटोतला भोपळा नेहमी फार गुळगुळीत असतो.

पातळ क्रीमचा पहिला हात दिला, म्हणजे चुरा त्यातच चिकटून राहतो, आणि केक फ्रीजमध्ये गेला.

९.००

काळा रंग. नव्याने शिकणाऱ्या मुली पांढऱ्या क्रीममध्ये काळी जेल ओतत राहतात. क्रीम करडं होतं, कडू होतं आणि खाणाऱ्याचे दात काळे पडतात. मी आधी भरपूर कोको घालून क्रीम गडद तपकिरी करते, मग जेलचे मोजके थेंब घालते आणि झाकून ठेवते. दोन-तीन तासांत रंग आपोआप चढतो.

ऑर्डर देणाऱ्या ताईंनी पाठवलेल्या फोटोंत तुटलेली बोटं होती, बाहेर आलेले डोळे होते. मी त्यांना फोन करून म्हटलं, "ताई, मुलं दचकली पाहिजेत, पण त्यांना शिसारी यायला नको. सणाचा दिवस आहे. भोपळ्यात आपली म्हातारी बसवू का?" त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग हसून म्हणाल्या, "लेकीकडे जाणारी? बसवा!"

ही म्हातारी मला फार जवळची आहे. वाघ-कोल्ह्यांच्या जंगलातून ती परत येते ती भोपळ्यात लपून. आयर्लंडमध्ये भुताखेतांना दूर ठेवायला सलगम कोरून त्यात दिवा लावत. तिथली माणसं अमेरिकेत गेली, तिथे त्यांना भोपळा सापडला आणि कोरायला तो सोपा पडला. दोन्हीकडे भोपळा घाबरलेल्या माणसाच्याच उपयोगी पडला आहे. म्हणून हॅलोविनचा भोपळा मला परका वाटत नाही.

११.३०

म्हातारीचा चेहरा. काजूकतलीचा गोळा त्यासाठी अगदी नेमका: दाबला की आकार धरतो आणि तडकत नाही. टूथपिकने कपाळावर तीन आठ्या पाडल्या, गाल आत दाबले, वरचा ओठ खालच्या ओठाखाली लपवला. दात नसलेल्या माणसाचं तोंड तसंच दिसतं. सासूबाई मागून बघत होत्या. "हनुवटी पुढे काढ," म्हणाल्या. काढली, आणि चेहऱ्यात जीव आला.

१.००

आता केस आणि जळमटं, आजच्या दिवसाचं सगळ्यात नाजूक काम. बाहेर मिळणाऱ्या पुष्कळशा मार्शमेलोत जिलेटिन असतं. ते जनावरांचं, त्यामुळे शाकाहारी घरात चालत नाही आणि आमच्या मुसलमान शेजाऱ्यांनाही त्याची शंका येते. मी दिवाळीच्या बाजारातून सुतरफेणी आणली आहे. सूत ज्या गावाचं पोट भरतं त्या गावात याहून चांगलं जळमट कुठे मिळणार?

माझे वडील नारपोलीत मागावर होते. लहानपणी डबा द्यायला गेले की कारखान्यातल्या ट्यूबलाइटवर, तुळयांवर, पंख्याच्या पात्यांवर कापसाचे तंतू लोंबताना दिसायचे. मागांच्या खटखटीने ते सगळे मिळून थरथरायचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी वडिलांच्या पायाला मिठी मारली होती. अजूनही जाळं करताना माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं. फोटोतल्या कोळ्याच्या जाळ्यासारखं ते नीटस नसतं. तंतू एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतो, आणि हवा लागली की हलतो.

पहिला झुपका सरळ क्रीमवर ठेवला. दहा मिनिटांत क्रीमच्या ओलाव्याने साखर विरघळली आणि चिकट थेंब उरले. ते खरवडून काढलं. दुसऱ्यांदा आधी वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात दिला, तो सुकू दिला आणि मग फेणीचे तंतू चिमटीने एकेक सोडवून त्यावर ठेवले. टिकले. तरी उरलेली फेणी हवाबंद डब्यात बरोबर घेतली. म्हातारीचे केस तिथे पोचल्यावरच लावायचे.

३.१५

कपकेक. उद्याच्या लक्ष्मीपूजनासाठी आणलेल्या बत्ताशांतले बारा मागून घेतले. पांढरा, फुगीर, खालून सपाट: बत्तासा म्हणजे तयार भूतच. काळ्या क्रीमचे दोन ठिपके दिले की डोळे झाले. प्रत्येकाला चिठ्ठी लावली: मुंजा, वेताळ, हडळ, समंध, खवीस, झोटिंग... याच वर्षी 'मुंज्या' सिनेमा आल्यापासून मुंजा मुलांच्या ओळखीचा झाला आहे. बाकीचेही व्हावेत, अशी माझी फार इच्छा आहे. कोकमाचा अर्क साखर घालून आटवला आणि त्याचा एक थेंब खविसाच्या ओठांवर सोडला. रक्ताला याहून चांगला रंग मला बाटलीत मिळालेला नाही.

४.४५

नारिंगी क्रीम दिलं, खाचा बोटाने परत उठवल्या, समोर तीन बोटं खोल पोकळी कोरली. तिच्या आत चॉकलेट, कडेला काळं क्रीम. म्हातारीच्या मागे स्वच्छ वाटीत बॅटरीची पणती ठेवली.

५.४५

धामणकर नाक्यावरून रिक्षा. केकचा खोका मांडीवर, तळाशी ओलं फडकं म्हणजे तो सरकत नाही. अंजूरफाट्याला कंटेनरची रांग लागली होती, वर मेट्रोचे खांब. पूर्णा ओलांडून काल्हेर गाठेपर्यंत रिक्षावाल्या भाऊंनी प्रत्येक खड्ड्याआधी "ताई, धरा" म्हणून हाक दिली. एकही फाक तडकली नाही.

७.१०

क्लब हाउसच्या एका कोपऱ्यात उभी राहून केस लावले, पणती लावली, दिवे मालवले. भोपळ्याच्या तोंडातून उजेड आला आणि त्यात पांढरे केस हलले. वीस-पंचवीस मुलं एकदम गप्प झाली.

हडळ झालेली एक लहानशी मुलगी, पाय उलटे दिसावेत म्हणून चपला उलट्या घातलेली, हळूहळू पुढे आली.

"काकू, ही घरी पोचली का?"

"अजून वाटेतच आहे."

केक कापला तेव्हा तिने म्हातारीला सुरी लावू दिली नाही. कागदी डिशमध्ये ठेवून, दोन्ही हातांनी धरून ती लिफ्टकडे निघाली. वर घरी आजी पाय दुखतात म्हणून बसून होती, तिला दाखवायला.