पडक्या तटांची छायाचित्रे आणि खानदेशचा इतिहास

युद्धात उद्ध्वस्त झालेल्या वास्तूचे छायाचित्र ती कशी पडली आहे एवढेच दाखवते. ती कोणी, केव्हा आणि का पाडली, हे ठरवण्यासाठी कागदपत्रांची जोड लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या दारूगोळा आणि कापूस भरलेल्या जहाजाला आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. त्यानंतरची गोदी परिसराची छायाचित्रे हवाई हल्ल्याचीच वाटतात. प्रत्यक्षात तेथे शत्रूचे एकही विमान आले नव्हते.

खानदेशात ही अडचण अधिक जाणवते. जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला, तरी तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने, तुळशीराम मामाने, किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपच्या फौजेने तोफांचा मारा केला, दरवाजांतून आत शिरून शिबंदीची, म्हणजे किल्ल्यातील सैनिकांची, कत्तल केली आणि किल्लेदाराला फाशी दिले. छायाचित्रणकला १८३९ मध्ये जगापुढे आली. त्यामुळे थाळनेरच्या कोणत्याही छायाचित्रात लढाईच्या खुणांवर नंतरच्या पावसाळ्यांची झीज चढलेली असणार. जळगाव जिल्ह्यातील पारोळ्याच्या भुईकोटाची, म्हणजे सपाट जमिनीवरील किल्ल्याची, कथा वेगळी आहे: १८५७ च्या उठावानंतर, १८५९ मध्ये, इंग्रज सरकारने तो जप्त करून त्याची मोडतोड केली. एका ठिकाणी लढाई, दुसऱ्या ठिकाणी सरकारी हुकूम. छायाचित्रात मात्र दोन्हीकडे पडका तटच दिसतो.

जाणत्या नजरेला काही भेद ओळखता येतात. तोफांच्या माऱ्याने तटाला एकाच जागी खिंडार पडते आणि दगडमाती बाहेरच्या बाजूला ओघळते. हुकमाने पाडताना बुरूज, दरवाजे आणि चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरील कंगोरे, ठिकठिकाणी उतरवले जातात. पावसाने सांध्यांतील चुना धुपून तट वरून खाली झिजत जातो. म्हणूनच प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, जागा, दिशा आणि मोजमाप नोंदवले पाहिजे, तीच जागा त्याच कोनातून काही वर्षांनी पुन्हा टिपली पाहिजे, आणि असा संग्रह धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांतील जुन्या कागदांशी ताडून पाहिला पाहिजे. थाळनेरला प्राण गमावलेल्या सैनिकांची आठवण खरी ठेवायची, तर तोफेने पाडलेला दगड आणि पावसाने पाडलेला दगड यांतला फरक नोंदवणे हे खानदेशच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.