रोनाल्डचा पत्ता (लेखांक ७)

सिंगापूरने ‘वायर्ड’ या इंटरनेटविषयीच्या अमेरिकी मासिकावर बंदी का घातली, ते या आठवड्यात सांगणार होतो. पण सांगलीच्या एका वाचकबाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने चार दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही. बाई विचारतात, ‘‘इंटरनेटबद्दल वाचायला छापील मासिक कशाला हवं होतं? लोक ते इंटरनेटवरच का वाचत नव्हते?’’ सिंगापूर कुठे पळून जात नाही. आधी हे.

सोपं उत्तर पैशाचं. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. जोडणीचे तास मोजलेले, वर फोनचं बिल वेगळं. स्वस्तातल्या खात्यावर नुसती अक्षरं दिसायची, चित्र नाही. अशा वेळी पडद्यावर निवांत वाचत बसणं म्हणजे मीटर चालू ठेवून टॅक्सीत झोप काढणं. मासिक घरी लोळत वाचायचं, पत्त्यांवर पेन्सिलीने खुणा करायच्या आणि मग मोडेम लावायचा.

माझा पहिला ‘वायर्ड’ मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाला. रंग इतके भडक, की आधी वाटलं छपाईच बिघडलीय. पुढे इंटरनेट हाती आल्यावर त्यातला एक पत्ता टाइप करायला घेतला. पत्ता लांबलचक, ओळीच्या शेवटी तुटलेला आणि तिथे एक आडवी रेघ. ही रेघ पत्त्यातली की जुळणाऱ्याने शब्द तोडताना घातलेली? रेघ घालून पाहिलं, लागेना. काढून पाहिलं, तरी लागेना. तिसऱ्या खेपेला ध्यानात आलं, की शेवटी टाइप केलेलं टिंब पत्त्याचं नव्हतंच. वाक्य संपलं म्हणून दिलेला तो पूर्णविराम होता. शाळेत विरामचिन्हांसाठी छड्या खाल्ल्या, पण पूर्णविरामाने फोनचं बिल वाढतं हे तेव्हा कळलं.

आता खरं उत्तर. ज्यांना इंटरनेट समजावून सांगायचं होतं, ते इंटरनेटवर नव्हतेच. ते उंबऱ्याबाहेर उभे होते आणि त्यांच्यापर्यंत कागदच पोचत होता. याचा सगळ्यात मजेदार पुरावा ‘वायर्ड’च्याच ऑक्टोबर १९९४च्या अंकात आहे.

जोशुआ क्विटनर हा न्यूयॉर्कजवळच्या ‘न्यूजडे’ या दैनिकाचा बातमीदार. ‘मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम’ हे नाव कोणी घेतलेलंच नाही, असं त्याला आढळलं. तेव्हा नावनोंदणी फुकट होती; दोन वर्षांना शंभर डॉलर द्यायची पद्धत सप्टेंबर १९९५मध्ये आली. त्याने कंपनीला फोन करून विचारलं, नाव नोंदवायचा विचार आहे का? पलीकडे या इंटरनेटचं नेमकं काय करायचं असतं, इथपासून सुरुवात. मग गड्याने ते नाव स्वतःच नोंदवलं आणि ‘वायर्ड’मधल्या लेखात वाचकांनाच विचारलं, आता मी याचं काय करू? सूचना पाठवायला पत्ता दिला, कंपनीच्या विदूषकाच्या नावाचा : रोनाल्ड अ‍ॅट मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम.

त्याच लेखात परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या दोन कंपन्यांची कुरापत आहे. ‘प्रिन्स्टन रिव्ह्यू’ने प्रतिस्पर्धी ‘कॅपलान’चं नाव आधीच पटकावलं आणि परत हवं असेल तर बिअरचा एक खोका द्या म्हणाले. कॅपलानने बिअर दिली नाही. प्रकरण लवादापुढे गेलं.

क्विटनरने बिअर मागितली नाही. ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेला इंटरनेट जोडणीसाठी साडेतीन हजार डॉलर द्या, नाव घेऊन जा, असा सौदा त्याने केला. कंपनीने पैसे दिले. कंपनीला जाग आली ती फोनने नव्हे, छापील पानाने. बाई, हे तुमचं उत्तर.

गंमत म्हणजे त्याच ऑक्टोबरात नेटस्केपचा ब्राउझर चाचणीसाठी लोकांच्या हाती पडला आणि २७ तारखेला ‘वायर्ड’वाल्यांनीच ‘हॉटवायर्ड’ हे पडद्यावरचं मासिक काढलं. माथ्यावर एटी अँड टी या फोन कंपनीची जाहिरातपट्टी. कागदाचं काम संपत आल्याची ती पहिली चाहूल. त्या पट्टीची कुळकथा मोठी आहे, तिला वेगळा लेखांक देईन.

पण कागद एका बाबतीत जिंकला. जाळ्यावरची पानं साठवून ठेवणारं ‘इंटरनेट अर्काइव्ह’ १९९६मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली किती तरी पानं कायमची पुसली गेली. ती होती याची साक्ष आज द्यायची तर ती या मासिकांतले वेडेवाकडे तुटलेले पत्तेच देतात.

म्हणून एक विनंती. माळ्यावर त्या काळातले संगणकाचे अंक असतील, इंग्रजी असोत की मराठी, ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. आधी मला एक कार्ड टाका. सिंगापूर पुढच्या आठवड्यात.