राय व्हिस्कीचे पिंपांतर व रुचिपरीक्षण

राय या तृणधान्यापासून बनविलेली व ओकच्या पिंपात मुरलेली व्हिस्की, पूर्वी दुसरे एखादे मद्य साठविलेल्या पिंपात काही महिने पुन्हा मुरविण्याच्या क्रियेस पिंपांतर म्हणता येईल. व्यापारात तिला ‘फिनिशिंग’ ही संज्ञा रूढ आहे. हे दुसरे पिंप बहुधा वाइनचे असते. रम, काल्व्हादोस, आर्मान्याक यांसारख्या ऊर्ध्वपातित मद्यांची पिंपे त्या मानाने कमी वापरली जातात. राय (सिकेल सीरिएल) हे थंड हवेचे व हलक्या जमिनीतही तग धरणारे पीक असून, मराठीत मोहरीला असलेल्या राई या नावाशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पेनसिल्व्हेनिया व मेरिलंड या भागांत अठराव्या शतकापासून राय व्हिस्की तयार होत आली आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जेम्स अँडरसन या स्कॉटिश व्यवस्थापकाच्या सल्ल्यावरून १७९७ साली मौंट व्हर्नन येथे भट्टी सुरू केली. तेथील मिश्रणात राय सु. ६० टक्के, मका ३५ टक्के व माल्ट केलेले सातू ५ टक्के असे. दारूबंदीच्या काळात (१९२०–३३) हा धंदा मोडला, आणि नंतर मक्यापासूनच्या बर्बनने बाजार व्यापल्यामुळे राय अनेक दशके मागे पडली. एकविसाव्या शतकात तिला पुन्हा मागणी आली. पिंपांतराचे प्रयोग तिच्यावर होऊ लागले, ते याच काळात. त्यापूर्वी १९८० नंतरच्या दशकात स्कॉटलंडमध्ये बालव्हेनी येथील डेव्हिड स्ट्युअर्ट यांनी ही पद्धत प्रचारात आणली होती.

अमेरिकन नियमांनुसार राय व्हिस्कीच्या मिश्रणात निदान ५१ टक्के राय असावे लागते आणि ती आतून जाळून कोळसा केलेल्या, ओकच्या कोऱ्या पिंपात साठवावी लागते. कोऱ्या लाकडातील लिग्निनापासून व्हॅनिलिन, तसेच ओक लॅक्टोन, यूजेनॉल व टॅनिने मद्यात उतरतात. लवंगेचा वास यूजेनॉलाचाच असतो. त्यात रायच्या फेरुलिक अम्लापासून किण्वनात निर्माण होणाऱ्या संयुगांची भर पडते. राय व्हिस्कीचा ‘मसालेदार’ गुण यांतून येतो. तिच्यात मसाला घातलेला नसतो.

दुसऱ्या पिंपाचे कार्य निराळे असते. सु. २०० लिटरचे पिंप रिकामे केले, तरी लाकडात पूर्वीचे मद्य काही लिटर मुरलेले राहते व ते हळूहळू नव्या मद्यात मिसळते. वाइनच्या पिंपातून साखर व रंग येतो. ऊर्ध्वपातित मद्याच्या पिंपातून साखर फारशी येत नाही, पण एस्टरे व इतर बाष्पनशील घटक येतात. म्हणून फरक जिभेपेक्षा नाकाला आधी जाणवतो. एंजल्स एन्व्हीने २०१३ साली कॅरिबियन रमच्या पिंपातील राय बाजारात आणली. व्हरमाँट राज्यातील व्हिसलपिग या उत्पादकाने २०१८ साली काल्व्हादोसच्या पिंपातील राय काढली. काल्व्हादोस हे फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील सफरचंदाच्या, काही वेळा सफरचंद व नासपतीच्या, सायडरचे ऊर्ध्वपातन करून मिळविलेले मद्य असून ते ओकमध्ये निदान दोन वर्षे मुरवितात.

येथेच खरा वाद उद्‌भवतो. लाकडाने मद्य मुरणे निराळे आणि त्यात दुसऱ्या मद्याचा अंश मिसळणे निराळे. अमेरिकन कायदा हा भेद मानतो : पिंपांतर केलेल्या मद्यास केवळ ‘राय व्हिस्की’ म्हणता येत नाही, कोणत्या पिंपात ते पुढे ठेवले हे वेष्टनावर सांगावे लागते. स्कॉच व्हिस्कीचे नियम २०१९ मध्ये सैल करण्यात आले व काल्व्हादोस, टकीला इत्यादींच्या पिंपांना मुभा मिळाली. तथापि बाठा असलेल्या फळांच्या मद्यांची पिंपे अद्यापि वर्ज्य आहेत.

रुचिपरीक्षण : निकाल अर्थातच पेल्यात लागतो. तोंडाशी निमुळता असलेला पेला घेऊन त्यात सु. २० मिलि. मद्य ओततात व प्रथम पाणी न घालता हुंगतात. नाक पेल्यात खुपसू नये, अल्कोहॉलाने घ्राणेंद्रिय बधिर होते. नंतर थोडे पाणी घालतात. मिश्रणकार तर २० टक्के अल्कोहॉलापर्यंत मद्य पातळ करूनच पारखतात. स्वीडनमधील लिनीयस विद्यापीठातील दोन संशोधकांच्या संगणकीय अभ्यासात (२०१७) असे दिसले, की अल्कोहॉल ४५ टक्क्यांपर्यंत असता ग्वायाकॉल हे गंधद्रव्य पृष्ठभागाजवळ राहते व प्रमाण ५९ टक्क्यांच्या वर गेल्यास ते द्रवाच्या आत ओढले जाते. घोट जिभेवर फिरवून व्यावसायिक चवपारखी तो थुंकून टाकतात.

परीक्षकाने शेजारी पिंपांतर न केलेली साधी राय ठेवणे अगत्याचे आहे. तुलनेवाचून दिलेला अभिप्राय बहुधा वेष्टनावरचाच असतो. साध्या रायमध्ये मिरी, लवंग, पुदिना, क्वचित शेपू आणि भाजलेल्या पावाच्या कडेसारखा वास मिळतो. काल्व्हादोसच्या पिंपातून आलेल्या रायमध्ये भाजलेल्या सफरचंदाचा वास अपेक्षित असतो. मात्र त्यामागे मिरीचा तिखटपणा टिकून असला पाहिजे. तो हरवला असेल, तर पिंपांतर फसले असेच म्हणावे लागते. आणखी एक कसोटी सोपी आहे. साध्या रायमध्ये काल्व्हादोसचे काही थेंब घालून एक नमुना करावा, आणि दोन पेल्यांत एकच व तिसऱ्यात दुसरा अशी मांडणी करून डोळे झाकून वेगळा पेला ओळखावा. चांगल्या परीक्षकालाही तो वारंवार ओळखता आला नाही, तर पिंपातील महिन्यांनी थेंबांहून अधिक काही साधले नाही, असे मानण्यास जागा राहते. शेवटी रिकामे पेले तासभर तसेच ठेवून पुन्हा हुंगतात. अल्कोहॉल उडून गेल्यावर फळाचा वास बहुधा आधी विरतो व धान्य आणि लाकूड यांचा वास मागे उरतो.