पाण्याच्या शेजारून कळसूबाई

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या किन्हीराजा गावच्या माणसाला पावसाळी सहल म्हटलं की पहिल्यांदा चिखलदरा आठवतो. परतवाड्यापुढचा घाट चढला की गाडी थेट पठारावर पोचते. भीमकुंडाच्या काठावर उभं राहून खाली दरीत कोसळणारं पाणी बघायचं, गरम भजी खायची आणि अंधार पडायच्या आत उतरायला लागायचं. मला चिखलदरा आवडतो. पण तिथे धबधबा आपल्या पायाखाली असतो, आपण वरून बघणारे. पाण्याच्या शेजारून, ते ज्या दगडावरून येतं त्याच दगडावर पाय ठेवत वर जायचं असेल तर कळसूबाई गाठावी लागते. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर.

आमच्याकडून ते आता पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, मे २०२३ मध्ये रस्ता इगतपुरी तालुक्यातल्या भरवीरपर्यंत गेला. शेलूबाजारला महामार्गावर चढायचं, जालना, संभाजीनगर, शिर्डी मागे टाकायची, भरवीरला उतरून घोटीमार्गे बारी गाठायची. बारी हे अकोले तालुक्यातलं, महादेव कोळी वस्तीचं गाव. शिखराची नेहमीची वाट इथूनच निघते.

गाव संपलं की भाताची खाचरं लागतात आणि सोयाबीनवाल्या माणसाचे पाय तिथेच अडतात. आमच्याकडे शेतात पाणी साचलं की पीक पिवळं पडतं, म्हणून पाऊस उघडला की पहिलं काम पाणी काढून द्यायचं. इथे बांध घालून तेच पाणी मुद्दाम अडवलेलं, एका खाचरातून दुसऱ्यात हळूच सोडलेलं. वाशीम जिल्ह्यात वर्षभरात साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. या डोंगरांच्या पश्चिम अंगाला, घाटघर-रतनवाडीकडे, चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. तोच पाऊस पूर्वेला संगमनेरला पोचेपर्यंत पाचशेच्या घरात येतो. ढगांची सगळी कमाई या रांगांवर खर्च होते. पुढे उरतं ते संगमनेरच्या वाट्याला.

वाट दाखवायला गावातलाच एक पोरगा बरोबर घेतला. त्याच्या पायात साधे रबरी बूट होते, आमच्या पायात महागातले. पहिला ओढा ओलांडतानाच त्याने शिकवायला सुरुवात केली. "काका, दगड काळा दिसला तर पाय ठेवा. हिरवा दिसला तर नको. आन् धारेला भ्यायचं नाही, नुसतं पाझरतंय तिथं जपायचं."

त्याचं म्हणणं मी मुद्दाम तपासत गेलो. जिथे पाण्याला ओढ होती तिथला दगड घासून स्वच्छ झालेला, तळव्याला खरखरीत लागणारा. जिथे पाणी नुसतं पसरून झिरपत होतं तिथे शेवाळाचा पातळ थर, इतका पातळ की वाकल्याशिवाय दिसत नव्हता. पाय निसटायची जागा तीच. शहरातून आलेली मुलं नेमकी उलटं करत होती. धार टाळून बाजूच्या ओल्या कातळावर जात होती आणि बसकण मारत होती.

पायथ्यापासून शिखरापर्यंतचा चढ आठशे मीटरच्या आसपास आहे. चालायची खरी कला वेगाची. चढताना शेजारच्याशी सलग एक वाक्य बोलता येत नसेल तर आपण पळतोय असं समजावं. आमच्यातला एकजण सुरुवातीला सुसाट निघाला, तेव्हा मागून हाक आली, "काहून घाई करून राह्यला बे, डोंगर काय पयून चालला?" तो थांबला आणि मग शेवटपर्यंत सगळे एकाच चालीने गेलो. लांब टांगा टाकण्यापेक्षा लहान पावलं टाकावीत, अख्खा तळवा टेकवावा, गुडघ्यावर हात देऊन चढू नये. एवढं पाळलं तर पन्नाशीतला माणूसही तीन-साडेतीन तासांत वर पोचतो.

हळू चालण्याचा दुसरा फायदा म्हणजे डोंगर कसा रचलाय ते दिसतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर करत पसरला. त्यातला काही भाग थंड होताना कठीण, अखंड कातळ झाला. काही भाग सच्छिद्र आणि ठिसूळ राहिला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडी माती दाबली गेली. कठीण थराचा कडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याची माची होते. म्हणून इथला धबधबा एका उडीत खाली येत नाही. कड्यावरून पडतो, माचीवर पसरतो, गवतातून वाट काढतो, पुढच्या कड्याच्या ओठाशी गोळा होतो आणि पुन्हा पडतो. आम्ही चढत होतो ते याच पायऱ्यांनी.

आणि हा दगड परका नाही. किन्हीराजाच्या शिवारात विहीर खोदताना वरची काळी माती संपली की मुरूम लागतो, मग काळा पाषाण, मध्येच तांबडा पट्टा. थरांच्या सांध्यात पाझर फुटला की खोदणाऱ्यांचे चेहरे उजळतात. विहिरीत वरून खाली वाकून जे बघायचं, ते इथे उघड्या कड्यावर खालून वर बघायला मिळतं. एका ठिकाणी कातळाच्या पायथ्याशी, बरोबर तांबड्या थराच्या वर, मनगटाएवढी धार बाहेर येत होती. मी बराच वेळ तिथे हात धरून उभा होतो. पाणी थंडगार होतं आणि आजूबाजूच्या गढूळ ओहोळांसारखं नव्हतं, नितळ होतं. पावसाचं हे पाणी दगडातून गाळून आलेलं.

वरच्या टप्प्यात कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. चढताना फारसं काही वाटत नाही. उतरताना मात्र दरीकडे तोंड करून उतरण्याचा मोह होतो आणि तो टाळायलाच हवा. तोंड कातळाकडे ठेवावं, दोन्ही हात कठड्यावर, पाऊल चाचपून खालच्या पायरीवर. छत्री आधीच बांधून टाकावी, मोबाइल पिशवीत. शिडी ओली असते, लोखंड बोटांना बधिर करतं आणि मागच्याचा धीर सुटतो. सुट्टीच्या दिवशी इथे चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकून तासतास रांग लागते. वारा, पाऊस आणि गर्दी तिन्ही एकत्र आली की या शिड्या धोक्याच्या होतात.

माथ्याच्या अलीकडे एक विहीर आहे. त्यानंतर शेवटचा उभा चढ आणि माथा. माथ्यावर कळसूबाईचं लहानसं मंदिर. आख्यायिका अशी की कळसू ही कोळ्यांची मुलगी. केरवारे आणि भांडी ही दोन कामं करणार नाही या अटीवर तिने एका घरी काम धरलं. अट मोडली तेव्हा ती डोंगरावर निघून आली. नवरात्रात आसपासच्या गावांतली माणसं याच वाटेने देवीला येतात. लेकुरवाळ्या बाया, म्हाताऱ्या, साध्या चपलांवर.

ढग फाटला तेव्हा आधी दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी दिसलं, १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाचं. त्यामागे रतनगड, लांबवर हरिश्चंद्रगड. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका ओळीत. पूर्वेला पट्टा, म्हणजे विश्रामगड. १६७९ मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज तिथे विसावले होते. ज्या जालन्यावरून आम्ही सकाळी गाडीतून आलो, तिथूनच.

माझं लक्ष मात्र उतारांवर होतं. उत्तरेचं पाणी दारणेला जातं. आम्ही ज्याच्या शेजारून चढलो ते कृष्णवंतीतून प्रवरेला, जिच्यावर खाली रंधा धबधबा आहे. दारणा आणि प्रवरा दोन्ही गोदावरीला मिळतात. आमची पैनगंगाही वर्धेतून, प्राणहितेतून शेवटी गोदावरीतच जाते. आमच्याच काटेपूर्णेचं पाणी तेवढं पूर्णेतून तापीला, पश्चिमेच्या समुद्राला.

वाशीमकडून जाणाऱ्यांनी जुलै-ऑगस्टच्या मुसळधारेत जाऊ नये. तेव्हा ढगांपलीकडे काही दिसत नाही आणि ओढे भरवशाचे नसतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात धबधबे वाहते असतात, सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, आकाश उघडतं. शनिवार-रविवार सोडून जावं. वाटाड्या बारीचाच घ्यावा आणि त्याला पुरते पैसे द्यावेत, घासाघीस करू नये. जेवण गावातल्या एखाद्या घरी सांगावं, नाचणीची भाकरी मिळते. आणि वर नेलेलं प्रत्येक पाकीट, प्रत्येक बाटली खाली आणावी, कारण माथ्यावर टाकलेला कचरा पहिल्या पावसात बारीच्या खाचरांत उतरतो.